पेरूत हरवलेली फराळाची बॅग

दिवस १ : मुंबई ते लिमा

लिमाच्या विमानतळावर सामानाचा पट्टा थांबला तेव्हा आमच्या चोवीस जणांच्या ग्रुपमध्ये तेवीस जणांच्या बॅगा हातात आल्या होत्या. चोविसावी बॅग साताऱ्याच्या काकूंची. ॲम्स्टरडॅमला विमान बदललं, तिथेच ती कुठेतरी राहिली असणार. आमचा टूर मॅनेजर म्हणजे डोंबिवलीचा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. तो काउंटरवर फॉर्म भरत होता आणि मागे उभ्या राहून काकू बॅगेत काय होतं ते सांगत होत्या. स्वेटर, बूट, शाल इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग "साबुदाणा एक किलो, दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू" सुरू झालं आणि पोराचं पेन थांबलं.

"काकू, हे मी स्पॅनिशमध्ये कसं लिहू?"

"ते तू बघ. आठव्या दिवशी संकष्टी आहे. निघतानाच कालनिर्णय बघितलंय मी."

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर दक्षिण अमेरिकेचा नकाशा किती वेळा काढला त्याला गणती नाही, आणि 'पेरू' म्हटलं की मागच्या बाकावरून खिदळणं यायचं तेही ठरलेलं. आपल्या फळाला हे नाव या देशावरूनच पडलं असं सांगतात. गंमत म्हणजे इथे कुणाला पेरू मागितला तर तो चक्रावून बघतो. इथे त्याला गुआयाबा म्हणतात. निवृत्तीनंतर तो नकाशा एकदा पायाखालून घालायचा एवढीच इच्छा होती. नवरा म्हणाला, "तू नकाशा बघ, मी जेवण बघतो."

भारतापेक्षा इथलं घड्याळ साडेदहा तास मागे. मध्यरात्री निघून त्याच तारखेच्या संध्याकाळी पोचलो. अंगाला मात्र ती तारीख पटत नव्हती.

दिवस २ : लिमा

सकाळी पडदा सारला तर आभाळ राखाडी, हवा ओलसर, रस्ते दमट. ग्रुपमधल्या निम्म्यांनी छत्र्या काढल्या. लोकल गाईड बाई हसली. या शहरात छत्री लागतच नाही म्हणे. मला एकदम वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं. किनाऱ्यालगत हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो, त्याच्यामुळे धुकं धरतं, ढग धरतात, पण पाऊस म्हणावा असा पडत नाही. समुद्राच्या काठावर वसलेलं वाळवंट आहे हे. या भुरभुर धुक्याला इथे 'गारूआ' म्हणतात.

मिराफ्लोरेसच्या कड्यावरून खाली पॅसिफिक दिसतो आणि डोक्यावरून पॅराग्लायडरवाले जातात. तिथून वाका पुक्याना. भर वस्तीत, इमारतींच्या मधोमध कच्च्या विटांचा प्रचंड ढिगारा. इंका म्हणजे स्पॅनिश येण्याआधीचे इथले राज्यकर्ते, त्यांच्याही कितीतरी शतकं आधीचा. विटा आडव्या रचलेल्या नाहीत, उभ्या आहेत, कपाटातल्या पुस्तकांसारख्या, मधे थोडी थोडी फट सोडून. भूकंपात त्या जागच्या जागी हलतात आणि परत बसतात. दीड हजार वर्षं ही भिंत अशी हलून बसते आहे.

जुन्या शहरात भराभर फिरलो. स्पॅनिश सरदार पिझारोने १५३५ साली हे शहर वसवलं, १८२१ साली सेनापती सान मार्तीनने स्पेनपासून स्वातंत्र्याची घोषणा केली. प्लाझा मायोरभोवती लाकडी कोरीव सज्जे आहेत, सान फ्रान्सिस्कोच्या मठाखाली तळघरात हजारोंची हाडं गोल विहिरीत नक्षीसारखी मांडलेली आहेत. काकू तळघरात उतरल्या नाहीत. "वरूनच नमस्कार करते," म्हणाल्या.

दुपारच्या जेवणात मालवणच्या काकांनी सेविचे मागवलं. कच्च्या माशावर लिंबू पिळून ठेवतात, त्या आंबटाने मासा पांढरा पडतो, वर कांदा आणि मिरची. काकांनी वाटीतला उरलेला रसही तोंडाला लावला आणि एवढंच म्हणाले, "चुलीचो खर्च वाचलो." शाकाहाऱ्यांपुढे आलं ते एका जाडजूड कंदाचे तळलेले तुकडे, 'युका'. काकूंनी एक तुकडा मोडला, आतल्या पांढऱ्या तंतूंकडे बघितलं, खाल्ला.

"बाई, हे काय आहे?"

मी सांगितलं. हा कसावा. साबुदाणा याच कंदाच्या पिठाचा करतात. मूळ इथल्याच खंडातला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला.

काकू थोडा वेळ गप्प. मग टूर मॅनेजरला हाक मारली. "बाळा, त्या फॉर्मवर साबुदाणा लिहिलास ना, तो खोडलास तरी चालेल."

दिवस ३ : कुस्को, आणि लगेच खाली

सव्वा तासाच्या विमानात समुद्रसपाटीवरून ३,४०० मीटरवर. कुस्कोच्या विमानतळावर जिना चढताना प्रत्येक जण कठड्याला धरून होता. उंची बाधली की त्याला इथे 'सोरोचे' म्हणतात, आणि उपाय म्हणून कोकाच्या पानांचा चहा हातात देतात. चवीला वाळलेल्या गवताचा काढा. नवऱ्याचं डोकं ठणकत होतं. त्याने तीन कप घेतले आणि तरी ठणकतच राहिलं.

इथे आमच्या टूरवाल्यांचं एक कौतुक करायला हवं. पहिली रात्र कुस्कोत न काढता त्यांनी आम्हाला बसने खाली उरुबाम्बाच्या खोऱ्यात नेलं. तिथली उंची पाचशेएक मीटरने कमी. तेवढ्यानेही श्वास सुटा झाला. संध्याकाळचा कार्यक्रम झोप.

दिवस ४ : मोराय, मारास, ओयांतायताम्बो

मोरायला जमिनीत उतरत गेलेल्या गोल गोल पायऱ्या आहेत, एखाद्या राक्षसाच्या परातीसारख्या. वरच्या आणि खालच्या पायरीच्या तापमानात फरक पडतो, म्हणून ही इंकांची शेतीची प्रयोगशाळा असावी असा एक तर्क आहे. मला तो पटला, कदाचित मला प्रयोगशाळा आवडतात म्हणून.

मारासची मिठागरं मात्र तर्काची नाहीत. डोंगराच्या कुशीतून खारट पाण्याचा झरा येतो, हाताच्या रुंदीच्या पाटातून उतारावरच्या तीन हजारांहून जास्त खाचरांत फिरतो आणि उन्हात आटतो. एकेका कुटुंबाची ठरलेली खाचरं, पिढ्यान्‌पिढ्या. वसई-उरणची मिठागरं आपण पाहिलेली, ती समुद्राला टेकून. इथे समुद्र शेकडो किलोमीटर लांब आणि मीठ ३,००० मीटरच्या वर. ग्रुपमधल्या उरणच्या एका ताईंनी कडेचं मीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं आणि "आमचं जास्त खारट" असा निकाल दिला.

एक गोष्ट मी कुणालाच नीट पटवून देऊ शकले नाही. दुपारी बारा वाजता सगळ्यांच्या सावल्या दक्षिणेला पडल्या होत्या. मे महिना, पुण्यात याच दिवसांत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर. इथे तोच सूर्य उत्तरेच्या आकाशात. मी उत्साहाने सांगत होते आणि मंडळी अल्पाकाच्या लोकरीच्या टोप्यांचा भाव करत होती.

संध्याकाळी ओयांतायताम्बो. गावातल्या गल्ल्या अजून इंकांच्या आखणीच्या, कडेने दगडी पाटातून पाणी खळखळतंय. वर चढून गेलं की गुलाबी दगडाच्या सहा अजस्र शिळा उभ्या आहेत. नदीपलीकडच्या डोंगरातून काढून, नदी ओलांडून इथवर आणलेल्या. स्पॅनिशांशी झालेल्या लढायांत इंकांनी मैदान मारल्याच्या जागा थोड्या, त्यांतली ही एक. इंकांचा राजा मांको इंका याने वरून दगड-बाणांचा मारा केला आणि खालचं मैदान नदीचं पाणी सोडून चिखल करून टाकलं, घोडी रुतली. काकू अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वाढलेल्या. त्यांनी खालच्या वाटेकडे बघून मान हलवली. "घोडदळ इथं काय करणार, डोंबल?"

त्या रात्री पौर्णिमा होती. बुद्धपौर्णिमा. चंद्र डोंगराआडून वर यायला बराच वेळ लागला, आणि काकूंनी बोटं मोजली. "चार दिवस."

दिवस ५ : माचू पिच्चू

पहाटेची गाडी, उरुबाम्बा नदीच्या काठाकाठाने. कोरडे डोंगर बघता बघता हिरवे होतात, झाडांवर शेवाळ लोंबायला लागतं. आग्वास कालिएंतेस या गावातून वळणावळणाची बस अर्ध्या तासात वर नेते.

इथे एक व्यावहारिक सूचना, जी कुठल्याही माहितीपत्रकात ठळक नव्हती. आत स्वच्छतागृह नाही. आहे ते फाटकाबाहेर, आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत येता येत नाही. साठीच्या आसपासच्या चोवीस लोकांना हे कळल्यावर फाटकाबाहेर जी रांग लागली ती सकाळची सर्वांत मोठी रांग होती.

आत गेलो तेव्हा काहीही दिसत नव्हतं. पांढरं धुकं, त्यात रेनकोटवाली माणसं. गाईडने दगडावर बसवलं आणि बोलायला लागला. पंधराव्या शतकात, पाचाकुती राजाच्या काळात हे बांधलं असं मानतात. १९११च्या जुलैत अमेरिकेचा हायरम बिंगहॅम इथे पोचला आणि जगभर 'शोध' लागला म्हणून गाजला. पण त्याला वाट दाखवणारा मेल्चोर आर्तेआगा इथलाच शेतकरी होता, आणि वर आला तर तिथे दोन-चार कुटुंबं पायऱ्यांवर मका-बटाटा पिकवत राहत होती. "ज्याच्या अंगणात शोध लागतो, त्याला शोधक म्हणत नाहीत," गाईड म्हणाला. हे तो रोज म्हणत असणार, पण म्हणाला छान.

मग धुकं फाटलं. सरळ वर गेलं नाही. कोपऱ्यातून कुणीतरी धोतराचा सोगा उचलावा तसं उचललं गेलं. आधी खालच्या पायऱ्यांची शेतं, मग छपरं नसलेली घरं, मग वायना पिच्चूचं सुळकं टोक. फोटोत हजारदा पाहिलेलं होतं. फोटोत एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे खोली. तीन बाजूंनी खाली नदी वळसा घालते आहे आणि तिचा आवाज इतक्या उंचावर येतोय.

मी बराच वेळ एकाच खिडकीपाशी होते. खाली रुंद, वर निमुळती. भिंती आतल्या बाजूला किंचित कललेल्या. दगडांच्या सांध्यात चुना नाही, काही नाही. आणि गाईडच्या म्हणण्याप्रमाणे खरं कसब दिसतच नाही. निम्म्याहून जास्त काम जमिनीखाली आहे. पाया, दगडगोट्यांचे थर, पाणी जिरवायची सोय. एवढ्या पावसाच्या डोंगरावर गाव पाचशे वर्षांत घसरून खाली गेलं नाही ते त्यामुळे. माझ्या मनात माळीण आलं. बोलले नाही कुणाशी.

दिवस ६ : कुस्को

आज कुस्को पचलं. अरुंद गल्ल्या, खाली इंकांची भिंत, वर स्पॅनिश घर. बारा कोनांचा तो प्रसिद्ध दगड पाहिला. त्याला हात लावू नये म्हणून माणूस बसवलेला आहे. 'कोरिकांचा' नावाचं इंकांचं सूर्यमंदिर पाहिलं, त्याच्या भिंतींना सोन्याचे पत्रे होते. स्पॅनिशांनी सोनं उतरवून नेलं आणि वर सांतो दोमिंगो चर्च बांधलं. १९५०च्या भूकंपात चर्चची मोठी पडझड झाली, खालच्या इंका भिंती उभ्याच राहिल्या. कॅथेड्रलमध्ये येशूच्या अखेरच्या भोजनाचं चित्र आहे, त्यात ताटात चक्क 'कुय' आहे, म्हणजे गिनिपिग. मालवणच्या काकांनी रात्री तोही मागवला. दातांसकट आला. काकांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने काकांकडे. काकांनी सूप घेतलं.

पण आजचा खरा मुक्काम सान पेद्रो बाजार. काकू, मी आणि टूर मॅनेजर असे तिघंच गेलो. बटाट्यांचे ढीग: जांभळे, काळे, गुलाबी, बोटांएवढे लांब, गाठीगाठींचे. अँडीजमध्ये बटाट्याचे हजारो वाण आहेत, हे मी दरवर्षी शिकवत होते. 'हजारो' म्हणजे काय ते आज दिसलं. पलीकडे रताळी. पलीकडे शेंगदाणे, 'मानी'. पपया, मिरच्या. काकू प्रत्येक ढिगाशी थांबत होत्या आणि दर वेळी माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवत होते. हो, हेही अमेरिकेच्या खंडांतलंच. हेही.

"म्हणजे बाई, कोलंबस यायच्या आधी आमच्याकडच्या बायका उपासाला खायच्या तरी काय?"

मला उत्तर सुचलं नाही. वरीचे तांदूळ असतील, फळं असतील, शिंगाडा असेल. पण आज ज्याला आपण उपासाचं ताट म्हणतो त्यातली साबुदाण्याची खिचडी, वरचं दाण्याचं कूट, हिरवी मिरची, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, सगळं बोटीतून आलेलं. आणि कांदा-लसूण चालत नाही.

एका गाळ्यावर मधात घातलेल्या फुलवलेल्या बारीक दाण्यांच्या वड्या होत्या. 'किविचा'. काकूंनी एक उचलून वास घेतला, मोडली, आणि त्यांचा चेहराच बदलला. राजगिरा. त्याच कुळातला, चवीला जवळजवळ तोच. दहा वड्या घेतल्या. शेजारी किन्वा होता, त्यावर मात्र वाद झाला. मी म्हटलं, वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो राजगिऱ्याचा चुलतभाऊ. काकू म्हणाल्या, "चुलतभाऊ असेल. पण घरच्यांना विचारल्याशिवाय मी त्याला पानात घेणार नाही."

बॅगेचा पत्ता नाही. विमान कंपनीचा रोज एकच मेल, 'शोध सुरू आहे.'

दिवस ७ : कुस्को ते पुनो

दिवसभर बस. ला रायाची खिंड ४,३०० मीटरच्या वर, तिथे उतरून दहा मिनिटं फोटो, सगळे धापा टाकत. लामाचे कान केळ्यासारखे वाकलेले असतात, अल्पाकाचे आखूड, एवढं ज्ञान मिळवलं. बाकी झोप आणि भेंड्या. पुनोला थंडी मी म्हणत होती.

दिवस ८ : टिटिकाका

३,८१२ मीटरवरचा तलाव. फळ्यावर मी निळ्या खडूने जेवढा काढायचे त्याच्या मानाने हा फारच निळा निघाला.

उरोस लोकांची तरंगती बेटं तोतोरा नावाच्या लव्हाळ्यांची. खाली मुळांचे मातीसकट ठोकळे दोरांनी बांधलेले, वर कापलेल्या लव्हाळ्यांचे थर. खालचे कुजतात तसे वर नवे टाकत राहायचे. पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखा रुततो. बेटप्रमुखाने छोटं बेट करून दाखवलं, बायकांनी गाणं म्हटलं, मग प्रत्येकीने आम्हाला वाटून घेतलं आणि आपापल्या दुकानाकडे नेलं. वाईट वाटलं थोडं. आपण बघायला आलो म्हणून हे सगळं असं बसवलेलं, आणि आपण आलो नाही तर घरात काय शिजणार, हेही खरं. मी एक भरतकामाचं कापड घेतलं, घासाघीस न करता. नवऱ्याने आश्चर्याने बघितलं.

तिथेच, साडेअकराच्या सुमाराला, काकूंचा फोन वाजला. साताऱ्याहून जाऊबाईंचा मेसेज: 'चंद्र दिसला. आम्ही जेवायला बसतोय. तुम्हीही सोडून टाका.'

बोटीत चर्चासत्रच झालं. साताऱ्यात रात्रीचे दहा, म्हणजे संकष्टीचा चंद्रोदय झाला, म्हणजे उपास सुटला, असं मालवणच्या काकांचं म्हणणं. तिथी सगळ्या पृथ्वीवर एकच, चंद्रोदय ज्याच्या त्याच्या गावचा, असं मी सांगितलं. टूर मॅनेजर म्हणाला, काकू, दुपारच्या जेवणाचे पैसे भरलेले आहेत. काकूंनी वर बघितलं. लखलखीत ऊन.

"माझ्या डोक्यावर सूर्य आहे. जाऊबाईंचा चंद्र जाऊबाईंना."

दिवसभर त्यांनी उकडलेले जांभळे बटाटे, भाजलेले दाणे, पपई आणि किविचाच्या दोन वड्या खाल्ल्या. गाईड बाईने दिलेला तोतोराचा पांढरा कोवळा बुंधाही चाखला, काकडीसारखा लागतो म्हणाल्या.

पुनो तलावाच्या पश्चिम काठावर आहे, म्हणजे चंद्र पाण्यातूनच वर येणार. आठ वाजता हॉटेलच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जण, अंगावर हॉटेलची ब्लँकेटं. काकूंच्या हातात फुलपात्र नव्हतं, कागदी कप होता. सव्वाआठच्या पुढे पलीकडच्या काठावर तांबूस काहीतरी दिसलं. आधी कुणाच्या घरचा दिवा वाटला. मग तो फुगत गेला, एका बाजूने चेपलेला, आणि पाण्यावर थेट आमच्यापर्यंत पट्टा पडला.

काकूंनी अर्घ्य दिलं. मग निरखून बघत म्हणाल्या, "बाई, ससा कलंडलाय."

खरंच कलंडला होता. आपण विषुववृत्ताच्या या बाजूला आलो, म्हणजे आपणच कललो. चंद्र आहे तसाच आहे. हे मी सांगितलं, पण दात इतके वाजत होते की कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. मोदक नव्हते. टूर मॅनेजरने खिशातून गुळाचा खडा काढला. गेले आठ दिवस तो हा खडा सांभाळत होता, आजच्यासाठी.

दिवस ९ : ला पाझ

सीमा ओलांडून बोलिव्हिया, घड्याळ एक तास पुढे. एल आल्तोच्या पठारावरून बस कड्यापाशी येते आणि अचानक खाली अख्खं शहर वाटीत ओतल्यासारखं दिसतं, मागे इयिमानीचं बर्फ, ६,४३८ मीटर. इथे लोकलऐवजी केबल कार, २०१४पासून. ऑफिसला जाणारी माणसं डबे घेऊन तरंगत जातात. आमच्या डब्यात एक शाळकरी मुलगी गृहपाठ करत होती. तिने एकदाही बाहेर बघितलं नाही.

रात्री हॉटेलच्या लॉबीत काकूंची बॅग उभी होती. चेन शाबूत, साबुदाणा शाबूत.

दिवस १० : परतीआधी

विमान रात्रीचं होतं. सकाळी बाजारात गेलो. घेरदार परकर, शाल आणि डोक्यावर गोल टोपी घातलेल्या बायका रस्त्यावर पथारी मांडून बसलेल्या. एकीपुढे काळे-पांढरे खडे होते, मला वाटलं खनिजं. निघाला वाळवलेला बटाटा, 'चुन्यो'. रात्रीच्या कडाक्यात उघड्यावर गोठवायचा, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, पुन्हा गोठवायचा, पुन्हा वाळवायचा. वर्षानुवर्षं टिकतो.

"वाळवण!" काकू म्हणाल्या, आणि खाली बसल्याच.

कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. बाईने उभं राहून परकर धरून तुडवून दाखवलं. काकूंनी हवेत सोऱ्या धरून कुरडई पाडून दाखवली. मग पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला, अकरा हजार मैलांचा प्रवास करून आलेला, थोडा चेपलेला, आणि तिच्या हातावर ठेवला.

तिने तो उलटसुलट बघितला, एक कोपरा तोडला, चावला.

"अमारांतो," ती म्हणाली, अगदी साधेपणाने, आणि उरलेला शेजारणीला दिला.